रियाधहून: शटर खाली, आवाजही खाली

सुट्टीला पुण्यात आलो की नातेवाइकांना पहिली चिंता माझ्या बायकोची. तिकडे बुरख्यात कोंडून ठेवलीय का? अहो, ती तिकडे गाडी चालवते. जून २०१८ पासून सौदीत बायकांना गाडी चालवायची मुभा आहे. आमच्या घरात तो परवाना आल्यापासून रात्री अकराला भाजी आणायची पाळी माझी नसते. परदेशी बायकांवर अबायाची सक्ती उरलेली नाही, आणि मुतव्वांचा, म्हणजे धर्मपोलिसांचा, अटकेचा अधिकार २०१६ मध्येच काढून घेतलाय. एवढं सगळं ऐकून झाल्यावर काका विचारतात, "बरं, पण हात तोडतात ना?" त्यापुढे काय बोलणार!

खरा जाच होता तो सलाचा. नमाजाची वेळ झाली की अख्ख्या शहराची शटरं खाली. मगरिब आणि इशा या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या नमाजांमध्ये जेमतेम दीड तास, त्यात शटर उघडून पुन्हा पडेपर्यंत औषधं, किराणा, दाढी सगळं उरकायचं. एकदा अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याने शटर ओढलं, दिवे घालवले आणि तो मागच्या दाराने नमाजाला गेला. मी गालाला फेस लावून अंधारात बसून राहिलो. २०२१ पासून दुकानं उघडी ठेवायला परवानगी आहे, पण आमच्या कोपऱ्यावरच्या बकालातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी भाऊ सवयीने अजूनही शटर ओढतोच.

पुणेकरांना पटत नाही ती गोष्ट पुढची. त्याच २०२१ च्या मे महिन्यात इथल्या धर्मखात्याने हुकूम काढला: मशिदीचे भोंगे फक्त अजान आणि इकामत, म्हणजे नमाज सुरू होतानाची हाक, एवढ्यापुरते, तेही एक तृतीयांश आवाजावर. कारण काय, तर आजूबाजूच्या घरांत आजारी माणसं, म्हातारी, लहान मुलं असतात. मक्का-मदिना ज्या देशात आहेत, तिथल्या सरकारने हे म्हणावं! आमच्या पेठेत हेच वाक्य मी मंडळाच्या मांडवात म्हणून पाहिलं. "काका, वर्षातून एकदाच असतं," कार्यकर्ता म्हणाला आणि डीजेकडे वळला. त्याचं एकदा, शेजारच्या मंडळाचं एकदा, मग दहीहंडी, मग कुणाची तरी जयंती. ऐंशी ओलांडलेली माझी आई कानात कापसाचे बोळे घालून मागच्या खोलीत निजते.

उलट रियाधमध्ये आमचा गणपती दाराआड. इस्लामखेरीज इतर धर्मांच्या सार्वजनिक पूजेला इथे परवानगीच नाही. मातीची वीतभर मूर्ती बायको घरीच करते, आरतीला टाळ्या बेताने, विसर्जन न्हाणीघरातल्या बादलीत. हे मला आवडतं असं मुळीच नाही. मोबाइलवर ढोल-ताशा लागला तरी पाय हलतात. आपला देव चोरून पुजावा लागतो याची चीड येते. आणि त्याच देवाच्या नावाने तिकडे आईची झोप उडवतात, त्याचीही तितकीच येते.

असो. दिवाळी जवळ आलीय म्हणून एक विनंती. इकडे येणाऱ्या माणसाबरोबर फराळ जरूर पाठवा. चकल्या, लाडू, हवं ते. अनारशांना मात्र खसखस लावू नका. इथे ती अमली पदार्थांत मोडते, आणि सापडली तर आणणाऱ्याची दिवाळी कोठडीत जायची.