सालाच्या चिकात सापडलेली बालू मक्खी

काळ्या आजारावर संशोधन करणाऱ्या देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक काशीत आहे, बनारस हिंदू विद्यापीठात. लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा या आजारावर पुरते, हे तिथले डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं. आजार पसरवणारी वाळूमाशी, तिकडच्या बोलीत बालू मक्खी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. अंगभर केस, आणि बसली की पंख पाठीवर उभे, मधे कोन करून धरलेले. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. गोठ्यातली ओलसर माती, कुडाच्या भिंतीतल्या फटी, ही तिची घरं.

या माशीचं कूळ किती जुनं आहे, ते सुरतेजवळ कळतं. सुरतेच्या ईशान्येला तीसेक किलोमीटरवर वस्तान आणि तडकेश्वर इथे लिग्नाईटच्या उघड्या खाणी आहेत. त्या काळ्या थरांत पिवळे-तपकिरी खडे निघतात. हे खंबातचं अंबर, वय सुमारे ५ कोटी ४० लाख वर्षं. २०१५ साली त्याच्यातून वाळूमाश्यांची आणि त्यांच्या चुलत घराण्यातल्या केसाळ माश्यांची रीतसर नोंद झाली. गोठे सोडाच, गाय आणि माणूस दोघांचाही पत्ता नव्हता, तेव्हा या माश्या होत्या. तेव्हा त्या कोणाचं रक्त पीत असतील, हा प्रश्न मला त्यांच्या वयापेक्षाही जास्त छळतो.

अंबर म्हणजे झाडाचा चीक, लाखो वर्षं गाडला जाऊन दगडासारखा झालेला. पण हा चीक कुठल्या झाडाचा? दशावतारात राक्षस येताना मशालीवर उडवतात ती राळ, पूजेच्या धुपात असते तीच, सालाच्या झाडाची. काशीच्या दक्षिणेला सोनभद्रच्या विंध्य डोंगरांत साल आजही उभा आहे. खंबातचं अंबर ज्या झाडांनी गाळलं, ती याच सालाच्या कुळातली, डिप्टेरोकार्प. झाड कधीच नाहीसं झालं, पण चिकातल्या कॅडिनीन नावाच्या रेणूंच्या साखळ्या शिल्लक राहिल्या, आणि त्यांच्यावरून कूळ ओळखू आलं.

या अंबराचं एक वेगळेपण आहे आणि ते खरंच थक्क करतं. युरोपातल्या बाल्टिक अंबरातला कीटक बाहेर काढायचं म्हटलं तर त्याचा चुरा होण्याचीच भीती. तो काचेआडून पाहावा तसा आतच पाहायचा. खंबातच्या अंबरात रेणूंची एकमेकांत गुंफण सैल आहे. टोल्युइन आणि क्लोरोफॉर्ममध्ये ते विरघळतं, आणि कीटक मोकळा होतो. म्हणजे पाय, केस, मिशांसकट अख्खी माशी, ५ कोटी ४० लाख वर्षांनी, पहिल्यांदाच उघड्यावर.

२०१० साली बॉन विद्यापीठाचे येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग, न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले डेव्हिड ग्रिमाल्डी आणि इतरांनी पहिला मोठा हिशोब मांडला. सुमारे १५० किलो अंबर चाळलं, ७०० वर कीटक आणि त्यांचे सोबती मिळाले, ५५ कुळांतले. (ज्यांच्या नावाची ही लखनौची संस्था, ते साहनी केंब्रिजहून परतल्यावर १९१९ मध्ये आधी शिकवायला आले ते काशीलाच.)

माश्यांवरून रान उभं करता येतं. पाण्याकाठची न चावणारी चिलटं आहेत, म्हणजे जवळ पाणी होतं. त्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात. चावरी केमरं आहेत, म्हणजे ओला चिखल होता. बुरशीवर जगणाऱ्या माश्या आहेत, म्हणजे कुजकं लाकूड पडलेलं होतं. समुद्राजवळचं दमट, उष्ण, दलदलीचं जंगल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी: चीक हा पक्षपाती साक्षीदार आहे. मोठी, ताकदवान माशी पाय सोडवून निघून जाते, बारकी अडकते. आणि खाणारेही तिथेच होते. वस्तानच्याच थरांतून वटवाघळांचे जबडे आणि दात मिळाले आहेत. २००७ साली एकदम सात जातींची नोंद झाली.

अंबरातल्या चावऱ्या केमरांमध्ये एक आहे, कॅम्प्टोप्टेरोहेलिया ओडोरा. २०१६ साली तिचं वर्णन छापून आलं. तिच्या पंखावर खिशासारखी एक गुंतागुंतीची घडी आहे. अशी घडी काही केसाळ माश्यांत दिसते, आणि तिच्याशी मिळतीजुळती गंधाची इंद्रियं फुलपाखरं नि पतंगांत. अभ्यासकांचं म्हणणं, जोडीदाराला खुणावणारा गंध ती तिथून हवेत सोडत असावी. नुसतं रूप नव्हे, तर एका केमराचा प्रणयाचा बेत अंबराने जपला, असं म्हणायला हरकत नाही.

आता मोठा प्रश्न. त्या काळी भारत आफ्रिकेपासून तुटून, समुद्रातून उत्तरेकडे सरकत, आशियाला भिडायच्या बेतात होता. इतकी वर्षं एकटं पडलेलं बेट म्हटल्यावर त्याच्यावरचे कीटक जगावेगळे असायला हवेत. तसं ते निघालेच नाहीत. २०१७ मध्ये फ्राउके श्टेबनर आणि सहकाऱ्यांनी इथल्या केमरांच्या दहा प्रजाती (जीनस) मांडल्या. त्यांतली सात आजही जिवंत आहेत. त्यांचे नातलग चीनमधल्या फुशुनच्या अंबरात, बाल्टिकच्या अंबरात आणि आजच्या ऑस्ट्रेलियाच्या बाजूलाही सापडतात. म्हणजे जमीन जमिनीला भिडण्याआधीच येणंजाणं चालू होतं. मिलिमीटरभराच्या जिवाला वारा आणि वाटेतली बेटं पुरत असावीत.

झाडांनीही प्रवास केला. आयआयटी मुंबईचे सूर्येंदू दत्ता आणि सहकाऱ्यांनी २०११ साली इथल्या अंबराच्या रसायनावरून मांडलं, की हे डिप्टेरोकार्प भारतातूनच पुढे आग्नेय आशियात गेले. बोर्निओच्या सखल जंगलातले उंचच उंच वृक्ष आज बहुतांशी याच कुळातले आहेत.