तळाला राहूनही तरलेला संघ

देवणीच्या मुलखात जातिवंत वळू बाळगणाऱ्याला 'यातून सुटतं काय?' असं कुणी विचारत नाही. देवणी गोवंशातला तो वानेरा असो की शेवरा, प्रदर्शनात तो मालकाचं नाव मिरवतो, एवढं पुरे. पुण्याचे बिल्डर डी. एस. कुलकर्णी यांचा फुटबॉल संघही मला त्याच जातीचा वाटतो.

कचेऱ्यांमधले टेलिफोन पुसून त्यांना अत्तर लावून द्यायचं, हा डीएसकेंचा तरुणपणीचा धंदा. नाव 'टेलिस्मेल'! तिथून ते रंगकाम, दुरुस्ती करत इमारतींपर्यंत पोचले. 'घराला घरपण देणारी माणसं' ही त्यांची जाहिरात तर मराठवाड्यातल्या घरांतही पाठ होती. पुढे पुण्यातला १९८७ सालचा शिवाजियन्स क्लब त्यांनी हाती घेतला आणि तो 'डीएसके शिवाजियन्स' झाला. जोडीला थेट इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी करार करून निवासी अकादमी काढली.

२०१५-१६ च्या हंगामात संघ आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत आला, तो खालच्या गटातून खेळून वर चढत नव्हे, तर 'कॉर्पोरेट एंट्री'च्या दारानं. या दारानं येणाऱ्याला सुरुवातीला अभय असायचं. हरला तरी तो खालच्या गटात जाणार नाही. खरी गंमत इथेच झाली. नऊ संघांत डीएसके नववे आले. पण खाली गेला तो आठवा आलेला, मिझोरमचा ऐझॉल एफसी. मागे राहिलेला बिल्डर शाबूत आणि पुढे असलेला डोंगरातला गरीब क्लब बाहेर! नंतर गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या, ऐझॉलला परत बोलावलं गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये तोच ऐझॉल मोहन बागानला मागे टाकून विजेता ठरला. असा न्याय पंचांच्या हातून क्वचितच होतो.

पण डीएसकेंच्या पदरात एक माप टाकायलाच हवं. त्यांच्या अकादमीतली चमकलेली पोरं मिझोरमचीच होती. जेरी लालरिनझुआला २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. लल्लियानझुआला छांगटे पुढे मुंबई सिटीचा आणि देशाचा आघाडीचा विंगर झाला.

२०१७ मध्ये डीएसकेंच्या कंपन्यांत पैसे ठेवलेले ठेवीदार ते परत मागायला उभे राहिले. त्यांत पेन्शनीतून शिल्लक टाकलेली म्हातारी माणसं पुष्कळ होती. त्याच वर्षी संघही लीगमधून गेला. धंदा अडकला की मिरवायच्या गोष्टी आधी कमी होतात, हे मालकाच्या घरी सगळ्यांना ठाऊक असतं. खेळाडूंना मात्र शेवटी कळतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली पोलिसांनी डीएसकेंना दिल्लीत पकडलं. पुढे जमिनी जप्त झाल्या, महागड्या गाड्या जप्त झाल्या. संघाचं जप्त करण्याजोगं होतं तरी काय? संघ खेळायचा ते बालेवाडीचं मैदान सरकारचं, आणि पोरं केव्हाच दुसऱ्या क्लबांचे शर्ट घालून खेळत होती.