निकाल ठाऊक नसलेलं उड्डाण

६ फेब्रुवारी २०१८. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलच्या आसपासचे समुद्रकिनारे, पूल, रस्त्यांच्या कडा माणसांनी भरून गेल्या होत्या. केनेडी अवकाश केंद्रातून उड्डाण पाहण्याची तिकिटं कधीच संपली होती. वेळ दुपारी दीडची ठरली होती, पण वरच्या थरांतलं वारं जोरदार होतं आणि उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे ढकललं जात होतं. लोक हलले नाहीत. अखेर तिथल्या पावणेचारला, म्हणजे आपल्याकडच्या रात्री सव्वादोनला, 'स्पेसएक्स' कंपनीचं 'फाल्कन हेवी' पहिल्यांदा जमिनीवरून उठलं. त्या क्षणी यूट्यूबवर तेवीस लाखांहून जास्त लोक ते थेट पाहत होते.

एका खासगी कंपनीच्या चाचणी उड्डाणाला एवढी गर्दी का व्हावी? रॉकेटच्या टोकाशी ठेवलेल्या लाल मोटारीमुळे, असं तेव्हा बहुतेकांनी लिहिलं. मोटारीचं आकर्षण होतंच. पण मला खरं कारण वेगळं वाटतं. या उड्डाणाचा निकाल कोणालाच ठाऊक नव्हता आणि कंपनीनं ते आधीच जाहीरपणे सांगून टाकलं होतं. कंपनीचे संस्थापक एलॉन मस्क यशाची शक्यता निम्मी-निम्मी धरून चालले होते. रॉकेट लाँच पॅडपासून पुरेसं दूर गेलं आणि पॅड शाबूत राहिलं, तरी आपण ते यशच मानू, असं त्यांचं म्हणणं होतं.

पॅडची ही काळजी उगीच नव्हती. ते होतं '३९ ए'. १६ जुलै १९६९ रोजी 'अपोलो ११' चंद्राकडे निघालं ते इथूनच. 'नासा'नं २०१४ मध्ये ते या कंपनीला वीस वर्षांसाठी भाड्यानं दिलं आणि पुढे अंतराळवीरांना घेऊन जाणारी उड्डाणंही इथूनच व्हायची होती. सप्टेंबर २०१६ मध्ये शेजारच्याच एका पॅडवर इंधन भरताना कंपनीच्या 'फाल्कन ९'चा स्फोट झाला होता आणि ते पॅड वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं होतं. फाल्कन हेवीत तर त्याहून कितीतरी अधिक इंधन होतं. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन सुमारे १,४०० टन होतं आणि त्यातलं बहुतेक वजन रॉकेल-जातीचं इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन यांचंच होतं.

कागदावर हे रॉकेट सोपं दिसतं. फाल्कन ९ चा पहिला टप्पा मध्ये, त्याच्या दोन्ही बाजूंना तसेच आणखी दोन. प्रत्येकात नऊ 'मर्लिन' इंजिनं, एकूण सत्तावीस. २०११ मध्ये घोषणा झाली तेव्हा दोन वर्षांत उड्डाण होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात जवळजवळ सात वर्षं गेली आणि मध्ये हा प्रकल्प गुंडाळायची वेळ एकदा नव्हे, तीनदा आली. अडचण जोडण्यातच होती. एकट्या रॉकेटवर ताण येतो तो मुख्यतः खालून वर. बाजूला दोन सोबती बांधले की ते मधल्याला कडेनं ओढतात, ढकलतात, पिळतात. सत्तावीस इंजिनांची कंपनं आणि आवाजाचे धक्के एकमेकांत मिसळतात. ध्वनीचा वेग ओलांडताना तिन्ही नळकांड्यांच्या मधून हवा कशी वाहील, हे गणितानं पूर्ण सांगता येत नाही. म्हणून मधला भाग जवळजवळ नव्यानं, जास्त मजबूत बांधावा लागला.

इतकी इंजिनं एकत्र पेटवण्याचा इतिहासही धास्ती वाटावी असाच होता. सोव्हिएत संघाच्या चांद्रमोहिमेसाठीच्या 'एन १' रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं होती. १९६९ ते १९७२ या काळात त्याची चार उड्डाणं झाली आणि चारही फसली. ३ जुलै १९६९ रोजी तर ते उठल्यावर काही सेकंदांत परत पॅडवरच कोसळलं. तो अख्खा टप्पा जमिनीवर बांधून, सगळी इंजिनं एकदम पेटवून कधी तपासलाच नव्हता. थेट उड्डाणातच परीक्षा. फाल्कन हेवीच्या बाबतीत हे टाळलं गेलं. २४ जानेवारी २०१८ ला रॉकेट पॅडवर जखडून ठेवून सत्तावीसही इंजिनं काही सेकंद चालवून पाहिली. शिवाय आता प्रत्येक इंजिनावर संगणकाची नजर असते. एखादं बिघडलं तर ते बंद करून उरलेल्यांवर काम निभावता येतं. २०१२ मध्ये फाल्कन ९ च्या एका उड्डाणात हे खरोखर घडलंही होतं.

आपल्या 'इस्रो'च्या 'एलव्हीएम ३' ची मांडणीही दिसायला अशीच, मध्ये एक आणि कडेला दोन. पण तिथे जमिनीवर पेटतात ते फक्त कडेचे घन इंधनाचे दोन. मधल्या टप्प्यातली दोन 'विकास' इंजिनं सुमारे ११० सेकंदांनी, आकाशात पेटतात. फाल्कन हेवीत तिन्ही भाग जमिनीवरच पेटतात. मात्र उठल्यावर थोड्याच वेळात मधल्या भागाचा जोर कमी केला जातो, म्हणजे त्याचं इंधन वाचतं आणि कडेचे दोघे गळून पडल्यावर तो पुढे रेटू शकतो.

इंजिनं पेटली तेव्हा खाली सुमारे २,३०० टनांचा रेटा निर्माण झाला. पॅडपासून पाच-सहा किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला आधी फक्त प्रकाश दिसतो. पांढराशुभ्र, डोळ्यांत न मावणारा. रॉकेट मनोऱ्याच्या वर गेलेलं दिसतं आणि तरी शांतताच असते, कारण आवाजाला तेवढं अंतर कापायला पंधरा-सतरा सेकंद लागतात. मग तो येतो तो आधी छातीत जाणवतो, कानात नंतर.

अडीच मिनिटांनी कडेचे दोन्ही बूस्टर सुटले. हे दोघेही नवे नव्हते, २०१६ मध्ये एकेकदा उडून परत आलेले होते. सुटताच त्यांनी तोंड फिरवलं, काही इंजिनं पुन्हा पेटवून ते किनाऱ्याकडे वळले, वातावरणात शिरताना पुन्हा एकदा वेग आवरला, टायटॅनियमच्या जाळीदार पंखांनी दिशा सांभाळली आणि उड्डाणानंतर सुमारे आठ मिनिटांनी पाय उघडून जवळजवळ एकाच वेळी शेजारी-शेजारी उभे राहिले. त्यांच्या मागोमाग ध्वनिवेग ओलांडल्याचे स्फोटासारखे आवाज किनाऱ्यावर पोचले. ते चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे आणि माझ्या मते त्या दिवसाचं खरं वैज्ञानिक मोल तिथेच होतं. एक नळकांडं परत आलं तर त्याला योगायोग म्हणता येईल. दोन एकाच वेळी, एकाच रीतीनं आली की ती पद्धत ठरते.

तिसरं आलं नाही. मधला भाग समुद्रातल्या स्वयंचलित तराफ्यावर उतरायचा होता. उतरताना तीन इंजिनं पेटायला हवी होती, एकच पेटलं. मर्लिन इंजिनं पेटवायला हवेचा स्पर्श होताच पेट घेणारं एक रसायन वापरतात, त्याचा साठा संपला होता. ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगानं तो भाग तराफ्यापासून शंभरेक मीटरवर पाण्यात आदळला आणि तराफ्याची दोन इंजिनंही निकामी करून गेला. थेट प्रक्षेपणात याबद्दल काही कळलं नाही. तराफ्यावरचं चित्र धुरात गेलं आणि तो विषय तिथेच थांबला. नंतर मस्क यांनी पत्रकारांना सगळं सविस्तर सांगितलं हे खरं, पण मला ही उणीव मोठी वाटते. लाखो लोक चाचणी पाहायला बसले होते. सत्तावीस इंजिनांचं अवाढव्य यंत्र चढताना नीट चाललं आणि उतरताना एका साध्या रसायनाचा साठा कमी पडला, हे त्यांना त्याच वेळी सांगितलं असतं तर अभियांत्रिकी म्हणजे काय, हे त्या रात्री पुष्कळ मुलांना कळलं असतं.

राहिली मोटार. पहिल्या उड्डाणावर सहसा कोणी महागडा उपग्रह ठेवत नाही, वजनासाठी सिमेंटचे वा पोलादाचे ठोकळे ठेवतात. त्याऐवजी मस्क यांची स्वतःची टेस्ला गाडी आणि चालकाच्या जागी अंतराळवेषातला पुतळा ठेवला होता. पृथ्वीच्या निळ्या गोलापुढे तरंगणाऱ्या त्या गाडीची चित्रं जगभर गेली. एखादं छोटं उपकरण पाठवायला हवं होतं, अशी तक्रार काही शास्त्रज्ञांनी केली आणि ती मला रास्त वाटते. मात्र गाडीच्या चित्रांमागे एक महत्त्वाची परीक्षा चालली होती, तिच्याकडे थोड्यांचंच लक्ष गेलं. वरचा टप्पा सुमारे सहा तास इंजिन बंद ठेवून, व्हॅन ॲलन पट्ट्यांमधल्या किरणोत्सारातून गेला आणि मग पुन्हा पेटला. इतक्या वेळात इंधन गोठू शकतं, ऑक्सिजन उकळून उडून जाऊ शकतो, इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं. जड उपग्रह थेट भूस्थिर कक्षेत नेऊन सोडायचे तर हे जमायलाच हवं. ते जमलं, आणि गाडी मंगळाच्या कक्षेपलीकडे जाणाऱ्या मार्गावर सूर्याभोवती फिरू लागली.

या रॉकेटचं पुढचं काम पाहिलं की त्या गर्दीच्या उत्साहाला भक्कम आधार होता हे पटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यानं 'सायके' यान त्याच नावाच्या धातुमय लघुग्रहाकडे धाडलं. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी 'युरोपा क्लिपर' निघालं, गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखालचा महासागर अभ्यासायला. इंधनासकट सहा टनांचं हे यान गुरूच्या वाटेला लावायचं तर परतीसाठी इंधन राखून चालणार नव्हतं. त्यामुळे आधी पाचदा उडून परत आलेल्या कडेच्या बूस्टरांना त्या दिवशी पायही बसवले नव्हते. तिन्ही भाग समुद्रात गेले. यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल.