स्वेच्छेने ऐकलेला गोंगाट

नॉइज रॉक हा संगीतप्रकार रॉकच्या नेहमीच्याच वाद्यमेळातून, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि कंठ यांतून उभा राहतो. मात्र इतर रॉक संगीतात जो आवाज दोष म्हणून गाळला जातो, तोच येथे रचनेचा मुख्य ऐवज असतो. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा संकेत दिला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि स्वर खरखरीत व दाट होतो, याला डिस्टॉर्शन म्हणतात. तर स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या पिकअपने पुन्हा उचलला आणि तो फेऱ्याफेऱ्याने वाढत जाऊन लांबलचक किंकाळीसारखा झाला, म्हणजे त्याला फीडबॅक म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये माइक अचानक किंचाळतो तेव्हा घडते ते हेच. फरक इतकाच की नॉइज रॉकचा वादक ती किंकाळी हवी तेव्हा उठवतो, लांबवतो आणि वळवतो.

या विचाराची मुळे इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो याच्या १९१३ च्या गोंगाटकलेच्या जाहीरनाम्यापर्यंत नेता येतात. रॉकमध्ये हा विचार १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या व्हेल्वेट अंडरग्राउंडने रुजवला, आणि १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सोनिक यूथ व स्वान्स, शिकागोच्या बिग ब्लॅक आणि ओसाकाच्या बोरडम्स या बँडांनी त्याला स्वतंत्र रूप दिले. मराठी कानाला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी काढली जाते, तीही शुद्ध स्वरात मुद्दाम मिसळलेली झणझणच असते, आणि त्या झणझणीतून उमटणारे उपस्वर ऐकण्याची सवय कल्याण-डोंबिवलीतील शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. नॉइज रॉकचा श्रोताही नेमके हेच करतो. पहिली काही मिनिटे त्याला केवळ आवाजाची भिंत जाणवते, पण कान स्थिरावले की त्या भिंतीत थर दिसू लागतात आणि कोणीच न वाजवलेले स्वरही ऐकू येतात.

हा अनुभव ध्वनिमुद्रणात पुरता सामावत नाही, याची कारणे भौतिक आहेत. बेस आणि मोठ्या ड्रमची अगदी खालची कंपने कानाइतकीच छातीने आणि पायांखालच्या जमिनीने जाणवतात, आणि इअरफोनचा चिमुकला पडदा ते काम करू शकत नाही. शिवाय फीडबॅक खोलीवर अवलंबून असतो. भिंती किती जवळ आहेत, वादक ॲम्प्लिफायरपासून किती पावले दूर उभा आहे आणि त्याने गिटार कोणत्या कोनात धरली आहे, यांनुसार तो बदलतो, त्यामुळे तीच रचना दुसऱ्या खोलीत वेगळी होते आणि खोली हेच एक वाद्य ठरते. मंच बुटका आणि प्रेक्षक हातभर अंतरावर, अशा छोट्या जागांमध्ये हे संगीत सर्वांत जिवंत वाटते ते म्हणूनच. मंचासमोर श्रोते एकमेकांवर आदळत जो नाच करतात त्याला मॉश पिट म्हणतात. बाहेरून तो मारामारीसारखा दिसला, तरी पडलेल्याला ताबडतोब हात देऊन उठवायचे हा त्यातला पहिला आणि कसोशीने पाळला जाणारा संकेत आहे.

मुंबई परिसरात निव्वळ नॉइज रॉकचा स्वतंत्र प्रवाह मोठा नाही. तो मेटल, हार्डकोर आणि पंक यांच्या भूमिगत, म्हणजे चित्रपटसंगीताच्या बाजारापासून दूर राहिलेल्या वर्तुळातच वाहतो. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात भरलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने आणि पुढे जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ क्लबने या वर्तुळाला श्रोते दिले. २००३ मध्ये स्थापन झालेला भयानक मौत, ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) या अल्बमच्या नावातच हिंदी चित्रपटाला सलाम करणारा स्क्राइब, ‘आह पुच’ (२०१८) हा संथ, अवजड अल्बम काढणारा डर्ज, तसेच डेथ बाय फंगाय आणि पॅसिफिस्ट या बँडांनी ते पुढे नेले, तर कमल सिंग यांचा होईराँग हा नॉइजच्या व्याख्येला सर्वांत जवळचा भारतीय बँड म्हणता येईल. २०१० नंतरच्या वर्षांत ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ हा महोत्सव श्रोत्यांच्या वर्गणीवर उभा राहिला, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रदेशात ही रीत किती स्वाभाविक होती याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

अंधेरीचे बी-६९, लोअर परळच्या गिरणीच्या आवारातील ब्लू फ्रॉग (२००७ ते २०१६), खारचे अँटीसोशल अशा या संगीताच्या ठळक जागा मात्र मुंबईतच राहिल्या. त्यामुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या श्रोत्यासाठी कार्यक्रमाचे खरे वेळापत्रक मध्य रेल्वेच ठरवत आली आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली रेल्वे धावली; डोंबिवली आणि कल्याण त्याही पुढे आहेत, आणि अंधेरी किंवा खार गाठायचे तर दादरला गाडी बदलावी लागते. अंधेरीपुरती ही अडचण २०१४ मध्ये घाटकोपरहून सुरू झालेल्या मेट्रोने काहीशी हलकी केली. तरीही मुख्य बँड साडेदहाला मंचावर आला, तर शेवटच्या गाडीच्या हिशेबाने कल्याणच्या श्रोत्याला संगीत ऐन भरात असताना निघावे लागते, आणि गिटार व पेडलांची पेटी घेऊन परतणाऱ्या वादकाची ओढाताण त्याहून मोठी असते. या संगीताची रचना हळूहळू चढत शेवटी फुटणारी असल्याने हे नुकसान किरकोळ नाही.

आवाजाविषयीच्या कायद्याचा या कथेशी निकटचा संबंध आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. शेजारी महाविद्यालय व रुग्णालय असलेले रंगभवन याच तरतुदीमुळे रॉकला मुकले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला निकाल या नियमांच्या अंमलबजावणीतील महत्त्वाचा टप्पा आहे. दहीहंडी-गणपतीत स्पीकरच्या भिंतींनी घराच्या काचा थरथरत असताना आजाऱ्याला आणि तान्ह्या बाळाला पळायला जागा नसते, हे ठाणेकर चांगलेच जाणतात. पण नॉइज रॉकच्या मैफलीला त्या भिंतींच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. एक गोंगाट शेजाऱ्यावर लादलेला असतो, दुसरा तिकीट काढून, बंद दाराआड, जाणूनबुजून ऐकलेला असतो. आणि रात्री ध्वनिवर्धकांना बंदी घालताना बंदिस्त सभागृहातील वापराला मोकळीक ठेवून नियमांनीही हा भेद मान्य केला आहे.

स्वेच्छेने ऐकला तरी आवाज कानाला माफ करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली असून कानबोळ्यांची सोय आणि शांत विश्रांतीची जागाही त्यात अपेक्षित आहे. कानबोळे घातल्याने छातीत जाणवणारे काही कमी होत नाही, म्हणून ते टाळण्यात कसलाच पुरुषार्थ नाही.

आता प्रश्न उरतो तो घराजवळच्या जागेचा. ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह ही नाटकासाठी बांधलेली, खुर्च्यांच्या रांगांची सभागृहे आहेत. या संगीताला दीडदोनशे माणसे उभी राहतील अशी, आवाज शोषणाऱ्या भिंतींची एकच खोली पुरते. औद्योगिक क्षेत्राची मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल असल्याने वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतील एखाद्या रिकाम्या गाळ्याचा विचार त्यासाठी आधी व्हावा. तेथे कार्यक्रम सायंकाळी साडेसहाला सुरू झाला, तर बदलापूरच्या वा टिटवाळ्याच्या श्रोत्यालाही शेवटचा बँड शेवटपर्यंत ऐकता येईल.