प्रत काढणारी स्क्रिप्ट आणि तिला द्यावयाचे हुकूम



काट्यावर गाडी चढली की वजन संगणकात जाते आणि त्याच नोंदीवरून आपले बिल निघते. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. पण नोंदच गेली तर कसले दिवस आणि कसले व्याज? म्हणून नोंदींच्या फोल्डरची प्रत रोज रात्री छावणीतील शहर कार्यालयाच्या संगणकावर पाठवावी लागते. हे काम स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने एकामागून एक पाळावयाच्या हुकुमांची यादी. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने 2022 साली मंजुरी दिली, तेव्हा सोसायटीच्या सचिवांनाही हा विषय लवकरच लागेल.

पायथन भाषेतील स्क्रिप्टमधून संगणकाला हुकूम देण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सगळा हुकूम एका ओळीत लिहून 'शेल' नावाच्या मध्यस्थाकडे देतात. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात दलालामार्फत बैल घ्यावा, तसेच हे. आपण बोलतो एक, तो त्याच्या हिशेबाने अर्थ लावतो. समजा, जुन्या प्रतीच्या फोल्डरचे नाव 'छावणी प्रत' आहे आणि ते पुसण्याचा हुकूम आपण अवतरणचिन्हांशिवाय दिला. मधली मोकळी जागा पाहून शेल त्याची दोन नावे करतो, 'छावणी' आणि 'प्रत'. शेजारी 'छावणी' नावाचे शहर कार्यालयाचे मूळ फोल्डर असेल तर ते गेले! विचारणा नाही, काही नाही.

दुसऱ्या रीतीत मध्यस्थ नाही. 'सबप्रोसेस.रन' ला हुकूम आणि त्यातील प्रत्येक नाव यादीतून वेगवेगळे द्यायचे. मग नावात जागा असो की कंस, ते एकच नाव राहते. सोबत 'चेक' चालू ठेवावे, म्हणजे हुकूम फसला की स्क्रिप्ट तिथेच थांबते. नाहीतर प्रत फसूनही पुढची ओळ चालते, आणि पुढची ओळ बहुधा जुनी प्रत पुसण्याची असते.

यात विंडोजच्या 'रोबोकॉपी'ची एक गंमत आहे. तिचे उत्तर 1 आले तर फायली व्यवस्थित उतरल्या असा अर्थ. 8 किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच चूक समजावी. इथे 'चेक' लावले तर चांगले कामही फसल्यासारखे दिसते, म्हणून आकडा स्वतः तपासावा. तिचाच 'मिरर' पर्याय मूळ आणि प्रत तंतोतंत सारखी करतो. मूळ फोल्डर चुकून रिकामे झाले असेल तर प्रतही रिकामी करून ठेवतो. असल्या आरशाला प्रत म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फोल्डर उतरवायला पायथनमधीलच 'कॉपीट्री' बरी. जागेवर त्या नावाचे फोल्डर आधीच असेल तर ती आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय काम नाकारते. हा अडथळा नव्हे, राखण आहे. रोजची प्रत तारखेच्या नव्या फोल्डरात घ्यावी, नावापुढे 'अपूर्ण' लिहावे, फायलींची संख्या आणि आकार मुळाशी ताडून पाहावा, जुळल्यावरच 'अपूर्ण' काढावे. जुन्या प्रती पुसायच्या त्या यानंतर.

हे फार सोवळे वाटत असेल तर जपानकडे पाहा. क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये प्रत काढणाऱ्या स्क्रिप्टनेच सुमारे 77 टेराबाइट माहिती, म्हणजे 3 कोटी 40 लाखांच्या आसपास फायली पुसल्या. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली स्क्रिप्ट ठेवली गेली. शेल फाईल वाचत वाचत पुढे जातो, त्यामुळे तो अधूनच नवी वाचू लागला. कोणते फोल्डर, हे सांगणारी नावे रिकामी राहिली आणि जुन्या नोंद-फायलींऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. म्हणून चालत्या स्क्रिप्टला हात लावू नये, आणि पुसण्याच्या ओळीआधी फोल्डरचे नाव रिकामे नाही ना, हे स्क्रिप्टलाच तपासायला लावावे.

राहिला काटा. हंगामात तो रात्रंदिवस चालतो, त्याच्या डेटाबेसची फाईल सतत लिहिली जात असते. तिची साधी कॉपी अर्धवट उतरू शकते. डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप हुकूम आधी चालवावा, त्यातून तयार झालेली फाईल छावणीला पाठवावी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून कुठल्याही दहा पावत्यांची वजने ताडून पाहावीत.