डर्बीशायरचे वाडे: बघताना विचारायचे दोन प्रश्न

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातले मोठे वाडे आज तिकीट काढून आतून बघता येतात. छतं, झुंबरं बघाच. पण दोन प्रश्न सोबत ठेवा.

पहिला, हा वाडा आज कुणाचा? चॅट्सवर्थ घ्या. डेव्हनशायरच्या दहाव्या ड्यूकनं मालमत्ता आधीच वारसाच्या सोयीनं लावून ठेवली होती. नियम असा, की त्यानंतर पाच वर्षं तो जगला तर मृत्युकर टळणार. मुदत संपायला थोडे आठवडे उरले असताना, १९५० मध्ये तो गेला. कर बसला ८० टक्के! जमिनी विकल्या, चित्रं दिली, आणि जवळचा हार्डविक हॉलही करापोटी सरकारला दिला. सोळाव्या शतकात बेस ऑफ हार्डविक या बाईनं बांधलेला हा वाडा १९५९ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. चॅट्सवर्थ मात्र वाचलं; आज एक धर्मादाय न्यास ते चालवतो.

दुसरा प्रश्न, आतल्या वस्तू आल्या कुठून? केडलस्टन हॉल हे लॉर्ड कर्झनचं, म्हणजे बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयचं, जन्मघर. कोलकात्याचं राजभवन याच वाड्याच्या नमुन्यावर बांधलेलं. आशियात जमवलेल्या त्याच्या वस्तू तिथं मांडल्या आहेत. कोणती भेट, कोणती विकत, कोणती आणखी कशी आली? पाटी वाचा, तिथं उत्तर नसेल, तर दालनातल्या स्वयंसेवकाला बिनधास्त विचारा.