पाकिटातली परसबाग

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बसायचे थांबले आणि मोबाईलवर कांद्याचे बूड पेल्यात रुजवायचे व्हिडिओ फिरू लागले. विदर्भातल्या झरी जामणी तालुक्यात तेव्हा ऊन तापायला लागले होते. त्या उन्हात पेल्यातले पाणी टिकेना, कोंब कुठून टिकणार? त्यालाही आता पाच वर्षे उलटून गेली. हौस ओसरली, पण ‘पोषण परसबाग’ या नावाने सरकारी धडे सुरू झाले. ज्या तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, न्हाणीच्या सांडपाण्यावर धोपा (अळू) माजायचा, तिथल्या बायांना परसबाग शिकवायची म्हणजे कमालच!

जुन्या वर्षांचे फार सांगण्यासारखे काही नाही. घरामागे वाडी असे. मुनग्याची फांदी खोचली की जगायची, फेकलेल्या सडक्या टमाट्याची रोपे यायची, उकिरड्यावर कोहळ्याचा वेल पसरायचा. त्याचे कौतुक कुणालाच नव्हते.

गाडे फिरले ते २००२ नंतरच्या दहा वर्षांत. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्याचे ४५० ग्रॅमचे पाकीट सुरुवातीला सोळाशेच्या घरात होते. २००६ मध्ये ते साडेसातशेवर आले, तोवर घरच्या सरकीची सवय मोडली होती. पूर्वी पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असत, मध्ये चवळी, अंबाडी, ढेमसं. महागड्या बियाण्याच्या शेजारी चवळीला जागा द्यायला कोण धजणार? पुढे तणनाशक आले आणि धुऱ्यावरची चिवळ, घोळ, तरोटाही जळाला. फुकटची भाजी गेली, तिची नोंद कुठल्याच नुकसानभरपाईत नाही. जुलै २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले. त्यात बियाणे बदलण्यासाठी वेगळी तरतूद होती. जपण्यासाठी नव्हे, बदलण्यासाठी!

गंमत अशी, की त्याच २००२ साली लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प सुरू झाला. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्याला गॅमा किरण द्यायचे. साठवणुकीसाठी ते योग्यच, आणि बाजारातला बहुतेक कांदा काही तिथून येत नाही. तरी एकीकडे कोंब मारण्याचे शास्त्र आणि दुसरीकडे कोंब फुटला म्हणून टाळ्या, हे एकाच पिढीने पाहिले.

व्हिडिओवाले सांगत नाहीत ते असे: कांदा लावला तर पात येते, मग डेंगळा, तसा घसघशीत कांदा पुन्हा धरत नाही. गाजराच्या शेंड्याला फक्त पाला फुटतो. संकरित टमाट्याचे बी पेरले तर फळ कसे येईल याचा भरवसा नाही. खरे जगतात ते पुदिन्याच्या काड्या, आल्याचे डोळे, धोप्याचे कंद आणि लसणाच्या पाकळ्या. त्यातही लसूण हिवाळ्याच्या तोंडाशीच लावावा लागतो. मुळासकट रोवलेला सांभार (कोथिंबीर) एखाद्या वेळी चटणीपुरता फुटतो, तेवढेच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली ती जानेवारी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दोनच महिने आधी. त्यांचे फोटो भिंतीवर लावून परसबागेची शिबिरे होतात आणि शेवटी बायांच्या हातात पडते ते पाकीट. त्यातली भेंडी संकरित असली, तर पुढच्या मृगाला पुन्हा पाकीटच लागणार.